जाळे कोणाच्या मालकीचे?

संपर्काची साधने वाढली की प्रवास कमी होतो, कागद वाचतो आणि वस्त्या आपोआप शाश्वत होतात, हा अनेकदा मांडला जाणारा मुद्दा चुकीचा नसला तरी अपुरा आहे. साधन कोणते यापेक्षा त्याची मालकी आणि देखभाल कोणाकडे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

स्पेनमधील कॅटलोनियाच्या ओसोना भागात २००४ साली सुरू झालेले 'गुइफी.नेट' हे रहिवाशांचे सामुदायिक इंटरनेट जाळे पाहा. ग्रामीण भागात ब्रॉडबँड नेण्यात कंपन्यांना फारसा रस नव्हता, तेव्हा रहिवाशांनी छपरांवर अँटेना बसवून घराला घर जोडले आणि पुढे ऑप्टिकल फायबरही टाकली. जाळ्यात येणारा प्रत्येक जण सामायिक परवान्याच्या अटी मान्य करून आपल्या उपकरणातून इतरांचाही डेटा पुढे जाऊ देतो. त्यावर व्यवसाय करणाऱ्यांनी खर्चाचा वाटा कसा उचलायचा, याचीही पद्धत ठरलेली आहे. गावाने पाणवठा सांभाळावा तसेच हे काम. वाऱ्याने हललेली अँटेना पुन्हा समोरच्या छपराच्या रोखाने वळवणारा माणूस जवळपास असावा लागतो, ही बाब (तंत्रज्ञानाच्या कौतुकात सहसा निसटणारी) येथे निर्णायक ठरते.

राहिला या साधनांचा कचरा. २०२२ मध्ये जगभरात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्क्यांच्या संकलनाची व पुनर्चक्रणाची अधिकृत नोंद आहे. बॅटरी बदलता येत नाही म्हणून धडधाकट फोन टाकून द्यावा लागत असेल, तर वाचलेल्या प्रवासाच्या हिशेबात तो फोनही धरायला हवा.