ऑस्कर नामांकनं: दिग्दर्शकांत पाचवं नाव कुणाचं लिहू? (पेढ्यांचा प्रश्न आहे)

सातारकर_मेडिकलवाला, ९ जानेवारी २०२५, रात्री ९:४०

मंडळी, आत्ताच शटर ओढलं आणि लिहायला बसलो.

माझा आतेभाऊ सॅन होजेला असतो. आमची दोघांची दरवर्षी ऑस्करवर पैज असते. विजेत्यांवर नाही हं, नामांकनांवर. विजेते काय, मार्चपर्यंत शेंबड्या पोरालाही माहीत होतात. चित्रपटाची १० नावं, दिग्दर्शनाची ५ आणि अभिनयाच्या चार गटांची २०, अशी ३५ नावं कागदावर लिहायची आणि फोटो पाठवायचा. तो हरला तर मला कॅलिफोर्नियाचे बदाम, मी हरलो तर त्याला एक किलो कंदी पेढे. पेढ्यांपेक्षा कुरियरचं बिल मोठं होतं. सलग चार वर्षं मीच हरतोय. दुकानातला पोरगा आता जानेवारी लागला की विचारतो, "शेठ, खोका आणून ठेवू?"

गेल्या वर्षी माझा घात 'बार्बी'ने केला. दिग्दर्शनात ग्रेटा गर्विग लिहिली, अभिनेत्रींत मार्गो रॉबी लिहिली, वर अभिनेत्यांत डिकॅप्रिओ. तिन्ही फुसके. भाऊ म्हणाला, "दादा, तू अंदाज करत नाहीस, तू मत देतोस."

तर या वर्षी शहाणपणाने करायचं आहे. काल दिग्दर्शकांच्या गिल्डची (डीजीए) पाच नावं आली: शॉन बेकर, ब्रेडी कॉर्बेट, जॅक ओडियार, एडवर्ड बर्गर, जेम्स मॅनगोल्ड. हीच पाच उतरवून काढू का? की एखादं बदलू? आणि 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'च्या पायल कपाडियाला काही आशा आहे का? गोल्डन ग्लोबला तिचं दिग्दर्शनाचं नामांकन होतं म्हणून विचारतोय.

लॉस एंजेलिसच्या आगींमुळे मतदान १४ तारखेपर्यंत वाढवलंय, नामांकनं १९ ला आहेत. म्हणजे विचार करायला वेळ आहे.

लाँगबुक, ९ जानेवारी, रात्री ११:१५

तुमचा भाऊ बरोबर बोलला.

मी बँकेत कॅशियर होते, आता डोंबिवलीत निवृत्त. १९९९ पासून ऑस्करची नामांकनं एका लाँगबुकात लिहून ठेवते. डाव्या पानावर माझा अंदाज, उजव्या पानावर निकाल, चुकलं तिथे लाल पेन. त्यामुळे माझं शहाणपण म्हणजे नुसतं लाल शाईचं शहाणपण आहे हे आधीच सांगते.

पहिली गोष्ट, नामांकनाची मतं मोजतात कशी ते समजून घ्या. सगळ्यांत जास्त मतं मिळालेले पाच, असं नसतं. आपल्या राज्यसभेच्या निवडणुकीसारखं पसंतीक्रमाचं मतदान असतं. जून २०२२ आठवा. सहा जागा, सात उमेदवार, टीव्हीवर दिवसभर "कोटा ४१, कोटा ४१". तो ४१ आला कुठून? २८४ वैध मतं, भागिले ७, अधिक १. ऑस्करला जागा पाच, म्हणून भागिले ६, अधिक १. दिग्दर्शनाची नामांकनं फक्त दिग्दर्शकांची शाखा ठरवते. समजा त्यांच्या ६०० मतपत्रिका आल्या, तर कोटा १०१. ज्याचं नाव १०१ जणांनी पहिलं लिहिलं, तो आत. बाकी ४९९ जणांनी त्याला नाकं मुरडली तरी फरक पडत नाही. आणि ज्याला सगळ्यांनी प्रेमाने चौथ्या-पाचव्या नंबरावर लिहिलं, तो सुरुवातीलाच तळाला जाऊन बाद होऊ शकतो.

म्हणजे "कोण चांगला?" हा प्रश्न चुकीचा. "कोण बऱ्याच जणांना आवडला?" हाही चुकीचा. कुणाचं नाव कुणीतरी पहिल्या ओळीत लिहील, एवढंच बघायचं.

दुसरी गोष्ट डीजीएची. डीजीएत १९ हजारांवर सभासद. त्यांत टीव्हीवाले, सहायक दिग्दर्शक, प्रॉडक्शन मॅनेजर, सगळे आले. ऑस्करची शाखा लहान, आणि तिच्यात परदेशी दिग्दर्शक पुष्कळ. त्यामुळे पाचच्या पाच नावं क्वचित जुळतात. वहीतून उतरवते:

२०२१: आरॉन सॉर्किन गेला, डेन्मार्कचा व्हिंटरबर्ग आला.
२०२२: व्हिलनव्ह गेला, जपानचा हामागुची आला.
२०२३: 'टॉप गन'वाला कोसिन्स्की गेला, स्वीडनचा ऑस्टलुंड आला.
२०२४: तुमची गर्विगबाई आणि अलेक्झांडर पेन गेले, फ्रान्सची जस्टिन त्रिए आणि ब्रिटनचा ग्लेझर आले.

जाणारा बहुतेक वेळा अमेरिकेत गल्ला जमवणारा किंवा सर्वांना जरा-जरा आवडलेला. येणारा युरोपातला नाहीतर आशियातला, ज्याचा चित्रपट बघून लोक एक तर वेडे होतात नाहीतर उठून जातात. या वर्षी हे वर्णन कुणाला लागू पडतं? 'द सबस्टन्स'च्या कोराली फारजाला. त्या चित्रपटाचा शेवट मी पदराआडून बघितला. पण बघितला.

पाचांतून कुणाला काढायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी मॅनगोल्डला काढतेय.

अभिनयाचं उद्या लिहिते, डोळे मिटायला लागले.

फुकटचा_सल्ला, १० जानेवारी, सकाळी ८:०२

अमेरिकन लोकांचे पुरस्कार, अमेरिकन लोकांचे चित्रपट, पेढे मात्र साताऱ्याचे. चालू द्या.

सातारकर_मेडिकलवाला, १० जानेवारी, दुपारी १:३०

@फुकटचा_सल्ला, पेढे तुम्हालाही पाठवतो, पत्ता द्या.

लाँगबुक ताई, राज्यसभेचं उदाहरण एकदम डोक्यात बसलं. गेल्या वर्षी मी "गर्विग सगळ्यांनाच आवडते" म्हणून लिहिली होती. तिथेच चुकलो की हो.

पण माझा पायलचा प्रश्न तसाच राहिला. आपण ऑस्करला पाठवला 'लापता लेडीज', आणि तिच्या चित्रपटाच्या निर्मितीत भागीदार असलेल्या फ्रान्सने पाठवला 'एमिलिया पेरेझ'. मग तिचा चित्रपट शर्यतीतच नाही ना? गंमत बघा, छाया कदम दोन्हीकडे आहेत. 'लापता लेडीज'मध्ये मंजू माई, आणि पायलच्या चित्रपटात मुंबईतलं घर जातं म्हणून रत्नागिरीकडे गावी परतणारी पार्वती. समितीने काहीही पाठवलं असतं तरी आपली बाई तिथे असतीच!

एडिसनकर, १० जानेवारी, रात्री ११:५०

इथल्या दुपारी कॉफी घेताना लिहितोय.

सातारकर, एक गैरसमज काढून टाका. "एका देशाचा एकच चित्रपट" हा नियम फक्त आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या गटाला आहे. बाकी गटांसाठी चित्रपट अमेरिकेत नियमाप्रमाणे थिएटरला लागला की झालं. पायलचा चित्रपट इथे नोव्हेंबरमध्ये लागला, मी न्यूयॉर्कला जाऊन बघितला. शेजारच्या गोऱ्या आजी सबटायटल वाचत होत्या, आणि मधेच मराठी कानावर आल्यावर मी उगाच ताठ बसलो. तर दिग्दर्शन, पटकथा, चित्रपट, सगळीकडे ती पात्र आहे. 'आरआरआर'चं तेच झालं होतं. भारताने पाठवला 'छेल्लो शो', आणि 'नाटू नाटू' गाण्याच्या गटात गेलं आणि जिंकलंसुद्धा.

'लापता लेडीज' तर डिसेंबरात त्या आंतरराष्ट्रीय गटाच्या १५ च्या यादीतही आला नाही. त्या यादीत हिंदी बोलणारा चित्रपट आहे तो 'संतोष', आणि तो पाठवलाय ब्रिटनने. काय बोलणार!

आता आशा किती? डीजीएने पायलला पहिल्या चित्रपटाच्या दिग्दर्शकांच्या गटात घेतलंय, मुख्य पाचांत नाही. लाँगबुक ताईंच्या हिशोबाने बघितलं तर १०० दिग्दर्शक तिला पहिलं लिहितील का? त्यासाठी आधी १०० जणांनी चित्रपट बघायला हवा. खरी मारामारी तिथे असते. सभासद जवळजवळ १० हजार, चित्रपट शेकड्यांनी, आणि प्रत्येकाच्या घरी न बघितलेल्यांचा ढीग. स्टुडिओवाले जाहिराती, खास खेळ, जेवणावळी यांवर पैसे ओततात ते "आवडून घ्या" म्हणून नाही, "निदान लावा तरी" म्हणून. लहान वितरकाला ते कुठून परवडणार?

कधीकधी उलटही होतं. जानेवारी २०२३ मध्ये अँड्रिया रायझबरो या नटीचं नाव कुणाच्याच यादीत नव्हतं. चित्रपट छोटा, गल्ला नगण्य. मतदानाच्या आठवड्यात मोठमोठ्या नटनट्यांनी एकदम तिच्याबद्दल लिहायला सुरुवात केली आणि ती पाचांत आली. अकादमीने मग प्रचाराची चौकशीही केली, पण नामांकन राहिलं. कोट्याचं गणितच ते. सगळ्या गावाने नाही, एका वाड्याने ठरवलं तरी पुरतं.

पायलसाठी असा वाडा अजून तरी दिसत नाही. वाईट वाटतं, पण तुम्ही पैजेचं विचारलंत म्हणून सांगितलं.

लाँगबुक, ११ जानेवारी, सकाळी ६:२०

एडिसनकरांनी माझं काम हलकं केलं. आता अभिनय.

तुमचा भाऊ नक्की नटांच्या गिल्डची (सॅग) यादी उतरवणार. लोक तेच करतात. सॅगची नामांकनं ठरवते चिठ्ठ्या टाकून निवडलेली सुमारे अडीच हजार जणांची समिती, आणि लाखाच्या वर सभासदांतून कोणाचीही चिठ्ठी निघू शकते. ऑस्करच्या नटशाखेत तेराशेच्या आसपास लोक, ते निवडून घेतलेले. सॅगवाले टीव्हीवर ओळखीचा चेहरा दिसला की खूश. परदेशी भाषेतलं काम तिथे मागे पडतं.

म्हणून अभिनेत्रींत पामेला अँडरसन काढा, 'आय अॅम स्टिल हियर'ची फर्नांडा टोरेस लिहा. ब्राझीलची आहे, पोर्तुगीज बोलते, सॅगने विचारलं नाही, पण ५ तारखेला गोल्डन ग्लोब घेऊन गेली, आणि मतपत्रिका उघडल्या ८ ला. म्हणजे ज्यांनी तोवर तिचा चित्रपट बघितला नव्हता, ते तीन दिवसांत बघायला बसले असणार. शिवाय माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर, १९९९ च्या, तिच्या आईचं नाव आहे: फर्नांडा माँटेनेग्रो, त्याच गटात, त्याच दिग्दर्शकाच्या चित्रपटासाठी. ते पान काढून बघितलं तर शाई फिकी झालीये, नाव वाचता येतं.

साहाय्यक अभिनेत्रींत 'कॉन्क्लेव्ह'मधली इझाबेला रोसेलिनी सोडू नका. सॅगने सोडली म्हणून तुम्ही सोडू नका. परत सांगते, सोडू नका.

सातारकर_मेडिकलवाला, १८ जानेवारी, रात्री १०:०५

निकाल पुढे गेला, आता २३ ला आहे. लॉस एंजेलिसच्या बातम्या बघवत नाहीत. भाऊ म्हणाला, पैज रद्द करू या का? मग त्यानेच म्हटलं, नको, निदान तेवढं तरी नेहमीसारखं होऊ दे.

माझा कागद आज गेला. दिग्दर्शक: बेकर, कॉर्बेट, ओडियार, फारजा... आणि पायल कपाडिया. शिव्या घाला. एडिसनकरांचं सगळं पटलं, ताईंचा कोटा पटला, बर्गरचं 'ब' लिहूनही झालं होतं. मग खोडलं. एक नाव माझं.

लाँगबुक, १८ जानेवारी, रात्री १०:३०

शिव्या नाही घालत. माझ्याही डाव्या पानावर दरवर्षी एक असतं. रोसेलिनी लिहिलीत ना?

सातारकर_मेडिकलवाला, २३ जानेवारी, रात्री ९:५५

संध्याकाळी ७ ला मोबाइल काउंटरवर उभा करून ठेवला होता. एक आजोबा बीपीची गोळी मागतायत आणि मी "एक मिनिट, एक मिनिट". शेवटी त्यांनीच विचारलं, "मॅच आहे का?"

दिग्दर्शक: बेकर, कॉर्बेट, ओडियार, मॅनगोल्ड, फारजा. पायल नाही. पण ऐका! भावाने डीजीएचीच पाच उतरवली होती, त्याचा बर्गर पडला. म्हणजे त्याचे चार आणि माझेही चारच. बर्गर लिहिला असता तरी माझे चारच झाले असते! ते खोडलेलं 'ब' मला फुकटात पडलं. (ताई, तुमचा मॅनगोल्ड मात्र आत बसला. लाल पेन काढा.)

अभिनेत्रींत टोरेस आली, पाचपैकी पाच. भावाची पामेला गेली. अभिनेत्यांत दोघांचाही डॅनियल क्रेग बुडाला, सेबॅस्टियन स्टॅन आला. चित्रपटांत दोघांचे आठ-आठ. टोरेसला लिहून तिचाच चित्रपट दहात लिहायचं मला सुचलं नाही, आणि तो नेमका दहात आला. साहाय्यक अभिनेत्यांत मी डेन्झेल वॉशिंग्टन लिहिला, "डेन्झेलला कोण वगळणार" म्हणून. वगळला.

एकूण माझे २८. भावाचेही २८. पैजेत बरोबरीचा नियमच नाही, कारण तशी वेळच कधी आली नव्हती. तो म्हणतो पेढे पाठव, मी म्हणतो बदाम पाठव. पोरगा खोका घेऊन उभा आहे.

लाँगबुक, २३ जानेवारी, रात्री १०:१०

मॅनगोल्डवर लाल पेन केव्हाच फिरलं. रोसेलिनीचं सांगा.

सातारकर_मेडिकलवाला, २३ जानेवारी, रात्री १०:१२

अहो ताई, दहा मिनिटंही नाही ती त्या चित्रपटात...

लाँगबुक, २३ जानेवारी, रात्री १०:१३

दोनदा सांगितलं होतं. पाठवा पेढे.