छोट्या छेदाचं ऑपरेशन कुणाला लागू पडतं?
वडिलांची एल४-एल५ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती सरकलीय, तर छोट्या छेदातून होणारं दुर्बिणीचं ऑपरेशन लगेच उरकून टाकावं का, असं विचारलंत. घाई करू नका. अशा बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत औषधं-व्यायामाने उतार पडतो. बाहेर आलेला भाग पुष्कळदा आपोआप आक्रसतो.

माझ्या भावाला तीन महिने थांबूनही फरक पडला नव्हता. मांडीमागून पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत कळ जायची. बिचारा ओट्याशी उभ्यानेच जेवायचा. एमआरआयमध्ये दिसलेली दबलेली नस आणि कळीची वाट तंतोतंत जुळली, म्हणूनच ऑपरेशन ठरलं. छेद जेमतेम दोन सेंटिमीटरचा. स्नायू फार न कापता नळीने बाजूला सारतात. दुसऱ्या दिवशी तो चालायला लागला. पायाची कळ गेली, कंबर मात्र अजून अधूनमधून धरते. नुसत्या कंबरदुखीसाठी याचा भरवसा नाही, हे डॉक्टरांना आधीच स्पष्ट विचारा. मणका जागचा हलत असेल तर चकतीचा तुकडा काढून भागेलच असं नाही, मणके पक्के धरायला स्क्रूही लागू शकतात.

पण लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.