तपासणीआधी लेन्स बंद ठेवा
बारा वर्षं कॉन्टॅक्ट लेन्स वापरल्यावर नंबर घालवायला डोळ्यांचं लेसर करावं का, असं तुम्ही विचारलंय. मी चौदा वर्षांनंतर केलं, नंबर उणे ५ होता. कळकळीने सांगते, तपासणीआधी लेन्स खरोखर बंद ठेवा. मऊ असतील तर एक-दोन आठवडे, कडक असतील तर त्याहून जास्त. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, आकार किंचित बदललेला असतो, मग मोजमाप चुकतं. मी चारच दिवस बंद ठेवल्या होत्या, सगळं पुन्हा करावं लागलं. कॉर्नियाची जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त असते. तुमची कमी निघाली तर लॅसिकचा, म्हणजे कॉर्नियाचा वरचा पापुद्रा कापून करतात त्या लेसरचा, हट्ट नको. पीआरके या दुसऱ्या लेसर पद्धतीबद्दल विचारा, त्यात पापुद्रा कापत नाहीत, पण बरं व्हायला जास्त दिवस लागतात. नंतर डोळे कोरडे पडतात. मी सहा महिने थेंब घालत होते.