दर ५,००० किमीला गाडीचं ऑइल बदला म्हणे! कोणी सांगितलं?

सुदामानगरी : काल इथेच डिपस्टिककाकांनी लिहिलं, "कंपनीचे १०,००० किमी विसरा, इंजिन लवकर मरावं म्हणूनच तसं सांगतात. दर ५,०००ला घरीच ऑइल बदला, काळं दिसलं तर त्याच्याही आधी." खाली नुसती वाहवा! अहो, काळं झालं म्हणजे खराब झालं, हे कुठून काढलंत? डिझेल गाडीत ताजं ऑइल टाका, थोडी फिरवा, डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काळीच निघणार. काजळी धरून ठेवायलाच त्यात डिस्पर्संट नावाची रसायनं घालतात. ५,०००चा आकडा मारुती ८००च्या, मिनरल ऑइलच्या जमान्यातला. आता सिंथेटिक आहे. माझ्या गाडीच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय : १०,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते.

डिपस्टिककाका : पुस्तक वाचून गाडी चालत नाही, भिया. माझी गाडी इंदुरात रामबाग ते राजवाडा, तिथून सियागंज, परत घरी. दर दसऱ्याला पूजेआधी स्वतः ऑइल बदलतो. इंजिन अजून मांजरासारखं गुरगुरतं.

सुदामानगरी : एवढ्याशा फिरण्यात वर्षाला ५,००० होतात तरी का? म्हणजे तुम्ही वर्षाचाच हिशेब पाळता, पुस्तकातलाच!

डिपस्टिककाका : तोंड सांभाळून. तुम्ही रांगत होता तेव्हा मी ऑइल काढायचा चेंबर नट खोलत होतो.

पिथमपूरवाला : दोघंही थांबा. पुस्तकाचं पुढचं पान कोणी उलटतच नाही. जवळजवळच्या फेऱ्या, धूळ, सारखं थांबणं-निघणं, अशा वापरासाठी वेगळा तक्ता असतो आणि त्यात मुदत कमी असते. दोन-चार किमीत इंजिन पुरतं तापत नाही. मग ऑइलमध्ये उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. त्यामुळे राजवाड्याच्या गर्दीत ५,००० बरोबर. काकांचं कारण तेवढं चुकलं. रोज बायपासवरून देवासला जाणाऱ्याने मात्र १०,००० आरामात चालवावं. आणि वॉरंटीतली गाडी असेल तर घरी हात लावण्याआधी अटी वाचा, बिलं जपून ठेवा.

राऊची सून : आकड्यांचं चालू द्या. घरी बदलता, मग जुनं ऑइल जातं कुठे? आमच्या शेजारचे सरळ नालीत ओततात. २०१७ पासून शहर सफाईत पहिलं म्हणून मिरवायचं आणि नालीवर तेलाचा तवंग!

डिपस्टिककाका : मी ओतत नाही. फाटकाच्या बिजागऱ्यांना लावतो, उरलेलं दीमक (वाळवी) लागलेल्या लाकडाला.

राऊची सून : साडेतीन लिटर बिजागऱ्यांना? फाटक आहे की किल्ला?

सुदामानगरी : 😂

पिथमपूरवाला : हसण्यावारी नेऊ नका. वापरलेलं ऑइल २०१६च्या नियमांनुसार धोकादायक कचरा आहे. त्यात इंजिनाची झीज, म्हणजे धातूचे कण असतात. लाकडाला लावलेलं पावसात मातीतच उतरणार. झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि ज्या गॅरेजचं पिंप परवानाधारक उचलून नेतो तिथे द्या.

डिपस्टिककाका : दिलं होतं. म्हणाला, ठेवायचे पैसे द्या. तोच पुढे विकून कमावतो आणि पैसे मीच देऊ?

राऊची सून : मग नालीच बरी, असंच ना?

डिपस्टिककाका : असं मी म्हटलेलं नाही! आमच्याकडे सूनबाई सासऱ्याच्या वयाच्या माणसाशी असं बोलत नाहीत.

राऊची सून : आमच्याकडे सासरे दीमकीवर विष ओतत नाहीत.

सुदामानगरी : मूळ मुद्दा राहिलाच. काका, शहरातल्या वापराला ५,००० मान्य. कंपनीने कट केला, ते नाही.

डिपस्टिककाका : उपकार झाले. आता चेंबर नटाचा नवा वायसर (वॉशर) कुठे मिळेल ते सांगा, जुना ठिबकतोय.

पिथमपूरवाला : सियागंजात विचारा. प्रत्येक वेळी नवाच घालायचा असतो, काका. आणि नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका, स्टँड लावा.

राऊची सून : ठिबकलेलं बिजागरीला लावा.