मदत हवी आहे: काळ्या रंगावरील जाळीदार ओरखड्यांसाठी कोणते पॉलिश?

माझी काळी सेडान २०१८ सालची असून रंग मूळचाच आहे. वॉशिंग सेंटरवर एकाच मळक्या फडक्याने वारंवार पुसली गेल्याने बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात. ड्रायव्हरच्या दारावर वीतभर लांबीचा एक खोल ओरखडाही आहे. त्यात नख अडकते, म्हणून तो पूर्ण जाईल अशी अपेक्षा नाही.

गाडी धुऊन, क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) फिरवून, बॉनेटच्या दीड फुटी चौकोनावर ड्युअल अ‍ॅक्शन मशीनने (पॅड गोल फिरवतानाच हलवणारे, रंगाला सौम्य पॉलिशिंग यंत्र) प्रयोग केले. फोमच्या मऊ पॅडवर मेग्वायर्स कंपनीचे एम२०५ हे बारीक पॉलिश घेतल्यावर चमक आली, परंतु पॉलिशचा तेलकटपणा काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसताच जाळी पुन्हा उघडी पडली. मग मायक्रोफायबर पॅडवर एम१०५ हे त्यांचेच जास्त घासणारे कंपाउंड वापरले. जाळी गेली, मात्र तिच्या जागी धुरकट झाक उरली, जी टॉर्चच्या उजेडात स्पष्ट दिसते. त्यावर एम२०५ दोनदा फिरवूनही ती कमी झाली, गेली नाही. काम सावलीत, थंड पत्र्यावरच केले होते.

रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र माझ्याकडे नाही, त्यामुळे क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) शक्य तितका कमी घासायचा आहे. रोटरी मशीन (पॅड एकाच अक्षाभोवती फिरवणारे, जास्त घासणारे यंत्र) वापरायचे नाही आणि झाक लपवणारे फिलर असलेले पॉलिशही नको, कारण पुढे सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसणारा टिकाऊ संरक्षक थर) करायचे आहे.

अशा वेळी एम१०५ फोमच्या मध्यम पॅडवर घेऊन पाहावे, की मेंझर्ना कंपनीचे ४०० (जास्त घासणारे) आणि नंतर ३८०० (शेवटची चमक देणारे) अशी जोडीच बदलावी?