कायरोप्रॅक्टिक असिस्टंटचे प्रमाणपत्र: बेळगावात घेतलेले कोल्हापुरात चालेल का?

खानापूरकर:
माझ्या भाचीची पीयूसी (बारावी) सायन्स झाली असून, बेळगावातील एका खासगी संस्थेने तिला सहा महिन्यांच्या ‘कायरोप्रॅक्टिक असिस्टंट’ (हाताने मणका बसवण्याच्या उपचारातील सहायक) कोर्सला प्रवेश देऊ केला आहे. प्रमाणपत्राचा नमुना मी स्वतः पाहिला. वर सोनेरी शिक्का आहे, खाली आयएसओ ९००१ आणि उद्यम (लघुउद्योग) नोंदणी क्रमांक आहे, पण कोणत्याही परिषदेचे किंवा विद्यापीठाचे नाव नाही. विचारल्यावर ‘गव्हर्नमेंट रजिस्टर्ड’ एवढेच उत्तर मिळाले. तिला पुढे कोल्हापुरात नोकरी करायची आहे. या कामासाठी दोन्ही राज्यांत सरकारी नोंदणी असते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

टिळकवाडीचा फिजिओ:
उद्यम क्रमांक पापडाच्या कारखान्यालाही मिळतो आणि आयएसओ ९००१ हे संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीबद्दल असते. अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी दोहोंचा संबंध नाही. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत फिजिओथेरपी आहे, कायरोप्रॅक्टिक नाही, आणि हा केंद्रीय कायदा असल्याने निपाणीचा नाका ओलांडल्याने चित्र बदलत नाही. शिवाय याच कायद्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी (म्हणजे तंत्रज्ञ, सहायक वगैरेंसाठी) किमान २,००० तासांचे, दोन ते चार वर्षांत पूर्ण होणारे शिक्षण अपेक्षिले आहे. सहा महिन्यांचा कोर्स त्याच्या आसपासही जात नाही.

संस्थाचालक एक गल्लत हमखास करतात. कर्नाटकात फिजिओथेरपी केंद्राला २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली जिल्हा प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते आणि जिल्हाधिकारी त्या प्राधिकरणाचे प्रमुख असतात. ती नोंदणी दवाखान्याची असते, तिथे काम करणाऱ्या मुलीची नव्हे.

पोर्टलँडहून बेळगावकर:
माहितीपत्रकात ‘अमेरिकन पॅटर्न’ लिहिले असेल, तर जरा थांबा. इथे अमेरिकेत हा धंदा राज्यागणिक निराळा चालतो. ओरेगॉनमध्ये राज्याचे कायरोप्रॅक्टिक मंडळ सहायकांना प्रमाणित करते. त्यासाठी बारा तासांचे प्रारंभिक प्रशिक्षण आणि मंडळाची परीक्षा असते. फ्लोरिडात सहायकाची नोंदणी ऐच्छिक आहे. माझ्या पाठीवर शेकाचे पॅड ठेवून घड्याळ लावणारी मुलगी प्रमाणित सहायक होती; मणक्याला हात मात्र डॉक्टरांनीच लावला, कारण निदान करणे आणि मणका बसवणे सहायकाच्या कामात येत नाही. यातले कुठलेही प्रमाणपत्र भारतात नोंदणीचा हक्क देत नाही, हे वेगळे सांगायला नको.

निपाणीचे काका:
आमच्याकडे हाडवैद्यांची परंपरा जुनी आहे, त्यामुळे ‘हाड बसवतो’ म्हटले की लोक कागद मागत नाहीत. पण नोकरी देणारे रुग्णालय मागते. मुलीला या क्षेत्रातच राहायचे असेल, तर पॅरामेडिकल बोर्डाच्या पदविकांची किंवा फिजिओथेरपीच्या पदवीची चौकशी करा, आणि कोल्हापूरच्या ज्या रुग्णालयात काम करायचे आहे, त्यांना कोणता कागद चालतो हे आधी विचारा.

खानापूरकर:
सर्वांचा आभारी आहे. काल संस्थेकडे एकच प्रश्न लेखी दिला: उत्तीर्ण विद्यार्थ्याचे नाव कोणत्या परिषदेच्या नोंदवहीत लागते? काउंटरवरील बाईंनी कागद दोनदा वाचला आणि ‘सर आले की कळवतो’ म्हणून तो फीच्या पावत्यांखाली ठेवला. उत्तर येईपर्यंत पैसे भरायचे नाहीत, असे भाचीनेच ठरवले आहे.