क्वार्ट्झ क्रोनोग्राफ की ऑटोमॅटिक डाइव्ह घड्याळ?

प्रश्न
रोज वापरता येईल असे एकच घड्याळ घ्यायचे आहे आणि निवड दोन घड्याळांवर येऊन थांबली आहे. एक क्वार्ट्झ क्रोनोग्राफ आहे, म्हणजे सेलवर चालणारे आणि बटणे दाबून स्टॉपवॉचसारखे वापरता येणारे, १०० मीटर जलरोधक. दुसरे ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणारे, डाइव्ह घड्याळ आहे, २०० मीटर जलरोधक आणि फिरत्या बेझलचे (तबकडीभोवतीच्या मिनिटांच्या खुणा असलेल्या कडीचे). मी आठवड्यातून तीन-चार वेळा तलावात पोहतो आणि फेऱ्यांचा वेळ मोजायला मला आवडते, म्हणून बुद्धीचा कौल क्रोनोग्राफला आहे; मात्र ऑटोमॅटिकच्या सेकंदकाट्याची ती संथ चाल पाहिल्यापासून मन तिकडेच ओढ घेते. अनुभवी मंडळींनी मत द्यावे.

उत्तर १
अचूकतेच्या बाबतीत तुलनाच होऊ शकत नाही. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या २ चा पंधरावा घात असल्यामुळे सर्किट ती पंधरा वेळा निम्मी करत सेकंदाला एक ठोका मिळवते, आणि साधे क्वार्ट्झ घड्याळही महिन्याला सुमारे पंधरा सेकंदांपेक्षा फारसे चुकत नाही. याउलट, अनेक परवडणाऱ्या डाइव्ह घड्याळांत असणारे सेइकोचे एनएच३५ हे यंत्र तासाला २१,६०० ठोक्यांनी चालते आणि दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद ही त्याची अधिकृत मर्यादा आहे. म्हणजे त्यात कोणताही दोष नसतानाही ते आठवड्यात साडेचार मिनिटे पुढे जाऊ शकते. प्रत्यक्षात बहुतेक घड्याळे यापेक्षा बरीच चांगली चालतात, हेही सांगितले पाहिजे. शिवाय त्याच्या स्प्रिंगमधील ऊर्जेचा साठा सुमारे ४१ तासांचा असल्याने शुक्रवारी रात्री काढून ठेवलेले घड्याळ रविवारी दुपारनंतर बंद पडलेले आढळेल.

उत्तर २
अचूकता मान्य, परंतु प्रश्न पोहण्याचा आहे आणि खरी मेख तिथेच आहे. बहुतेक क्रोनोग्राफची बटणे पाण्याखाली दाबायची नसतात, कारण बटण आत जाताना त्याच्या दांड्याभोवतीच्या रबरी कडीवर ताण येतो आणि पाणी आत शिरण्याचा धोका निर्माण होतो. ज्या सोयीसाठी आपण ते घड्याळ घेणार, ती सोय नेमकी पाण्यातच वापरता येणार नाही. डाइव्ह घड्याळांचे आयएसओ ६४२५ हे मानक मात्र याच वापरासाठी आहे: किमान १०० मीटर क्षमता, सांगितलेल्या दाबाच्या १२५ टक्के दाबाखाली चाचणी आणि अंधारात २५ सेंटिमीटरवरून वाचता येणारी तबकडी. बेझल एकाच दिशेने फिरते, तेही विचारपूर्वक. धक्का लागून ते सरकलेच, तर गेलेला वेळ प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो आणि पाणबुड्या उशिरा नव्हे, लवकर वर येतो.

प्रश्नकर्ता
बटणांचे मला ठाऊकच नव्हते. पण बेझलवर तर केवळ मिनिटे मोजता येतात; फेरीचा वेळ कसा काढावा?

उत्तर २
एकेका फेरीऐवजी सरासरी काढावी. सेकंदकाटा बारावर येताच सुरुवात करावी आणि बेझलची खूण मिनिटकाट्यासमोर ठेवावी. वीस फेऱ्यांना १२ मिनिटे लागली, तर एका फेरीचे ३६ सेकंद होतात. शेवटच्या वाचनात अर्ध्या मिनिटाची चूक झाली, तरी ती प्रत्येक फेरीवर दीड सेकंदच येते. प्रत्येक फेरी स्वतंत्रपणे मोजायची असेल, तर या दोहोंपेक्षा साधे डिजिटल घड्याळ सरस ठरेल, हे मात्र प्रामाणिकपणे सांगतो.

उत्तर ३
देखभालीविषयी थोडे लिहितो. क्वार्ट्झचा सेल दोन-तीन वर्षे टिकतो, पण क्रोनोग्राफ उगाच चालू ठेवल्यास लवकर संपतो; संपलेला सेल तसाच आत ठेवू नये, कारण तो गळला तर सर्किट खराब होते. ऑटोमॅटिकला साधारण पाच वर्षांनी तेलपाणी लागते आणि तो खर्च सेलच्या मानाने पुष्कळ असतो. पोहणार असाल, तर कोणत्याही घड्याळाची जलरोधकता वर्षातून एकदा तपासून घ्यावी आणि चावी आट्यांची असल्यास ती पूर्ण आवळल्याशिवाय पाण्यात उतरू नये. मी स्वतः तुमच्या जागी डाइव्ह घड्याळच घेतले असते. मात्र ते बंद पडल्यावर पुन्हा लावताना, काटे रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान असतील, तर आधी ते त्या पट्ट्याबाहेर फिरवावेत आणि मगच तारीख बदलावी; त्या वेळी तारखेची चाके एकमेकांत गुंतलेली असतात आणि दाते मोडू शकतात.